एकादशीच्या गोळ्या

१४ जुलै २००७, शनिवार

लुगडं दोनदा धुतलं तरी उलटीचा वास जात नाही. शर्वरीने सकाळी आठला गोळी घेतली आणि नऊ वाजता टेम्पोत माझ्या पदरावर सगळं! शेजारची बाई अशी सरकली की जसं मीच ओकले. मी म्हटलं, "उलटी आहे बाई, तेजाब नाही. बसा नीट." तास होऊन गेला होता, म्हणजे गोळी पोटात राहिली. एवढं मला कळतं.

सरकारी दवाखान्यात सोळा नंबरच्या खोलीपुढे नेहमीची रांग. भिंतीवर पानाच्या पिंका. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे, कुणी ओळखू नये म्हणून. शिपाई फाइल दोन बोटांनी उचलतो, मेलेली पाल उचलावी तशी. मला म्हणाला, "ओ अम्मा, टेबल पे रखो, हाथ में मत दो." मी म्हटलं, "हाथ धोता है कभी? तेरे हाथ का तो मुझे डर है." बाकीचे हसले. तेवढीच करमणूक.

आत नवीन बाई आल्या आहेत, सुमेधाबाई. नाशिककडच्या. पोरांना गोळ्या नीट घ्यायला लावायच्या, हेच त्यांचं काम. असं शुद्ध बोलतात की मला आपलं इंदुरी मराठी तोंडात लपवावंसं वाटलं. त्यांनी गोळ्यांची बाटली उलटी केली. एकही शिल्लक नाही. "शंभर टक्के! आजी, तुम्ही आदर्श आहात. पुढच्या महिन्यात पालकांच्या मीटिंगमध्ये बोलाल?" आदर्श म्हणे. पहिलीतच शाळा सोडली असती तर आज भाषण करायला बोलावलं नसतं, तिसरीपर्यंत गेले तेच चुकलं.

एक कार्ड दिलं, रोज दोन बरोबरच्या खुणा, टिका, करायच्या, सकाळी आठची आणि रात्री आठची. आणि ही वही. "मनातलं लिहा आजी, मोकळं वाटतं." माझ्या मनातलं वाचलं तर नाशिकला पळून जातील.

१६ जुलै

८ आणि ८. छोरी दिवसभर एक शब्द बोलली नाही. मीपण नाही. चांगला गेला दिवस.

१९ जुलै, गुरुवार

धाकटी जाऊ आली होती जुन्या इंदूरहून, मनोरमा. कचोऱ्या घेऊन. आम्हा दोघींना ताटलीत वाढल्या आणि शर्वरीला पेपरावर! माझ्या घरात, माझ्या ताटल्या, आणि ही वाढणार पेपरावर. शर्वरीने पेपर उचलला आणि मुकाट आत गेली. मी माझी ताटली उचलली, कचोरी पेपरावर घेतली आणि खाल्ली.

जाताना दारात हळूच म्हणते, "वहिनी, राऊ गावाकडे एक आश्रम आहे म्हणतात अशा मुलांचा. तुमचं वय झालं आता." मी म्हटलं, "आधी तुझ्या नवऱ्याला ठेव. तो रोज पिऊन मोरीत झोपतो, ही निदान खाटेवर झोपते."

कुणी विचारलं नाही तरी लिहून ठेवते. शर्वरी माझ्या श्रीकृष्णाची मुलगी. चौदा वर्षांची, नववीत. तिला एचआयव्ही जन्मापासून. बाप गेला, वर्षाने आई गेली, तेव्हा ही सात वर्षांची. कुठून आलं, कुणी आणलं - लोक अजून विचारतात. मिल बंद झाल्यावर श्रीकृष्ण कामासाठी पाच गावं हिंडला. त्यातलं कुठलं गाव, मला ठाऊक नाही. ठाऊक करून घेऊन काय, त्या गावाला आग लावू?

२६ जुलै, गुरुवार

आषाढी एकादशी. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे थोडे जळले. शर्वरीलाही उपास. तिच्या दोन गोळ्या डब्यात.

हे कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहिते. माझी सासू तांदूळ मोजून घेतले की शेवटची एक मूठ परत काढायची. आपल्या डब्यात नाही हं, वेगळ्या गाडग्यात. त्या गाडग्याला हात लावायचा नाही, घरात कुणी उपाशी झोपलं तरी नाही. मी नवी असताना हसायचे. मग ती सकाळ आली. हे पहिल्या पाळीला डबा घेऊन गेले आणि अर्ध्या तासात भरलेला डबा घेऊन परत आले. मिलच्या गेटवर नोटीस. परदेशीपुऱ्याच्या आमच्या चाळीत एवढी माणसं, पण आवाज कुणाचाच नाही. त्या गाडग्याने सव्वा महिना चूल पेटती ठेवली. शेजारच्या घरी पोरं पाण्यात मीठ घालून पीत होती. ज्यांच्या घरी मूठ नव्हती त्यांची तोंडं मी बघितली आहेत.

आता सरकार गोळ्या फुकट देतं. देतंय तोवर देतंय. मिलपण देत होती. हे म्हणायचे, आपली मिल इंग्रजाच्या वेळची, ती कशी बंद होईल? झाली ना. कागद चिकटवायला कितीसा वेळ लागतो? सोळा नंबरच्या दारावर उद्या कागद चिकटला तर छोरीला काय देऊ, साबुदाणा?

म्हणून एकादशीच्या दोन गोळ्या राखून ठेवायच्या. महिन्याच्या दोन एकादश्या, चार गोळ्या. पोटालाही विसावा. कार्डावर टीक मी करतेच. डब्यात टाकणंही देणंच आहे, आज नाही तर उद्याला. घरची मूठ कुणी चव्हाट्यावर सांगतं का?

४ ऑगस्ट, शनिवार

रक्ताचा रिपोर्ट आला. अंगातले शिपाई मोजतात त्यात, सीडी-फोर. जानेवारीत चारशे बारा होते. आता एकशे अठ्ठ्याण्णव.

डॉक्टरने चष्म्यावरून बघितलं. "अम्मा, गोली पेट में जा री है कि नाली में?" मी म्हटलं, "एक नहीं चूकी साब, बाटली देख लो, कार्ड देख लो." शर्वरीने माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. मग सगळे तिच्याकडे बघायला लागले, डॉक्टर, सुमेधाबाई, दारातला शिपाईसुद्धा. बाटली रिकामी, म्हणजे आजी चोख. अंगातले शिपाई कमी, म्हणजे पोरगी चोर. सरळ गणित.

"शर्वरी, तू गोळी थुंकतेस का? रागावणार नाही मी." सुमेधाबाई गोड बोलतात तेव्हा मला जास्त भीती वाटते. छोरी नखं खात बसली. फाइलवर इंग्रजीत काहीतरी लिहिलं गेलं.

बाहेर मला एकटीला सांगितलं. ह्या गोळ्यांना आजार सरावला तर ह्या कामाच्या राहत नाहीत. दुसऱ्या गोळ्या इंदुरात नाहीत. मुंबईला पुढच्या वर्षी मिळायला लागतील असं ऐकू येतंय, पण आधी फाइल बघतील. पहिल्याच नीट घेतल्या नाहीत त्याला दुसऱ्या कोण देणार? "आजी, हिला वाचवायचं असेल तर गोळी घशाखाली जाते का ते डोळ्यांनी बघा."

टेम्पोत मी तिच्याशी बोलले नाही. किळस आली. आई-बाप गेले, आजा गेला, ह्या हाडांनी तिला वाढवलं आणि ही गोळ्या मोरीत टाकते!

५ ऑगस्ट

गोळी तोंडात. पाणी. गिळ. तोंड उघड. जीभ वर. गाल बाजूला. मिलच्या गेटवर सुटताना झडती घ्यायचे तशी. छोरी म्हणते, "कानात पण बघ, तिकडून पण निघते." लगावणार होते. नाही लगावली.

मोरीत काडी घालून बघितलं. केस, साबण, भाताची शितं. गोळी नाही. चोर हुशार आहे.

९ ऑगस्ट, गुरुवार

एकादशी. दोन डब्यात. आज उलटी नाही. छोरीने दोनदा खिचडी घेतली.

११ ऑगस्ट, शनिवार

मीटिंग. पोरांची वेगळ्या खोलीत, आमची वेगळ्या. चौदा-पंधरा बाया, पुरुष तीन. एक पुरुष पहिल्यापासून रडत होता आणि नाक पुसत नव्हता. शी! रडायचं तर रुमाल घेऊन या, भिया.

चहा म्हणजे कोमट पाणी. बिस्किटं मऊ पडलेली. मग सुमेधाबाईंनी मला उभं केलं. "ह्या इंदिरा आजी. दीड वर्षात एकदाही गोळी शिल्लक नाही!" मी म्हटलं, पोरांवर भरवसा ठेवू नका. गोळी हातात देऊ नका, तोंडात घाला. मग तोंड उघडायला लावा. घड्याळ नसेल तर शेजाऱ्याच्या टीव्हीवरच्या बातम्या ऐका. लाड करायचे तर पोळीचे करा, गोळीचे नको. टाळ्या वाजल्या. खजराण्याची रुखसाना म्हणून बाई आहे, तिची मुलगी शर्वरीच्याच वयाची, ती म्हणाली, "अम्मा, आप तो थानेदार निकलीं." मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

येताना शर्वरीला विचारलं, तुमच्या खोलीत काय शिकवलं? म्हणाली, आठ वाजले की एकाने दुसऱ्याला मिस्ड कॉल द्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. जो नाही देणार त्याने सगळ्यांना पोहे खिलवायचे. "आपल्याकडे फोनच नाही, मला कोण देणार?" मी म्हटलं, मी देते ना आवाज, तो बेटमा गावापर्यंत जातो. हसली नाही. म्हणाली, "तुझं भाषण ऐकू येत होतं इकडे."

१५ ऑगस्ट

शाळेत झेंड्याला गेली नाही. ताप. तोंडात पांढरं जमलंय जिभेवर, टाळूवर, दुधाच्या सायीसारखं. बुरशी आहे. कापसाने काढते तर खालचं लाल दिसतं. ती ओरडते, मी डोकं धरून ठेवते. बोटाला तो चिकटा लागतो. दहा वेळा हात धुतले, तिला दिसू नये म्हणून मागच्या नळावर जाऊन. मी माणूस आहे, मला घाण वाटते. न वाटणाऱ्या बाया पोथीत असतात.

१७ ऑगस्ट

दवाखान्यातून तोंडाचं औषध आणलं. पातळ वरण जातं फक्त. ८ आणि ८.

२० ऑगस्ट, सोमवार

आज मारलं. दोन थोबाडीत.

वरण सांडलं म्हणून नाही. मी म्हटलं, "खरं सांग, कुठे टाकतेस गोळ्या?" ती म्हणाली, "तुलाच माहीत." उलट बोलली! "मला माहीत असतं तर विचारलं असतं का?" तर परत तेच, "तुलाच माहीत." मग हात उठला. गालाचं हाड लागलं हाताला. गालच राहिला नाही तिला. हात अजून दुखतोय. बरं आहे, दुखू दे.

२४ ऑगस्ट

एकादशी. दोन डब्यात.

८ सप्टेंबर, शनिवार

सरळ लिहिते.

मीटिंग होती. मी पुढच्या खुर्चीवर, आदर्श ना! रुखसानाने विचारलं, पुढच्या हफ्त्यात रमज़ान लागतोय, लडकी रोज़े ठेवायचं म्हणते, गोळीचं कसं करू? सुमेधाबाई म्हणाल्या, डॉक्टरना विचारल्याशिवाय रोजा नाही, ती अजून अशक्त आहे. आणि त्यांनी हो म्हटलं तरी एक गोळी पहाटे सहरीला, एक रोजा सोडल्यावर. एकही चुकवायची नाही. "एखादे दिन की माफी नहीं है क्या?" रुखसानाने विचारलं. "नाही," सुमेधाबाई म्हणाल्या. "एक दिवसाचीसुद्धा नाही."

मग समजावून सांगायला लागल्या. औषध रक्तात अर्धा दिवस टिकतं. गोळी म्हणजे वॉचमन. तो दारात आहे तोवर चोर बाहेर. एक दिवस वॉचमन आला नाही की चोर आत येतो. नुसता चोरी करून जात नाही, कुलूप कसलं आहे ते बघून जातो. दर पंधरवड्याला वॉचमनची सुट्टी असली तर चोर त्या दिवसाची वाटच बघतो. मग एक दिवस वॉचमन दारात उभा असतानाच आत शिरतो, त्याच्या नाकासमोरून.

कुणीतरी मागून विचारलं, मग नवरात्रात, चतुर्थीला? "उपास आईने करायचा. गोळीला उपास नाही."

दर पंधरवड्याला.

पायाखालची जमीन वगैरे काही सरकली नाही. जमीन तिथेच होती, बिस्किटाचा चुरा पडलेला. मला फक्त माझ्या तोंडाचा वास आला. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, उपाशी तोंडाचा आंबूस वास. काल एकादशी होती. काल पण दोन डब्यात टाकल्या.

सुमेधाबाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही सांगा ना यांना अजून काही." मी म्हटलं, "घसा बसलाय."

९ सप्टेंबर, रविवार

डबा काढला. गव्हाच्या कोठीमागे असतो, जुना पानाचा डबा, ह्यांचा. सत्तर गोळ्या. पस्तीस एकादश्या. काही पिवळ्या पडल्यात. उघडला तर कातचुन्याचा आणि औषधाचा मिळून असा वास आला की मीच ओकले. मोरीत. जिथे काडी घालून चोर शोधत होते.

सत्तर वेळा ह्या हाताने पोरीच्या तोंडातून काढून घेतलं. आणि मग त्याच हाताने मारलं.

मनोरमेने पेपरावर कचोरी वाढली तर मी केवढी तडतडले. मनोरमेने तिचं काय वाईट केलं? निदान कचोरी तरी दिली.

११ सप्टेंबर, मंगळवार

शर्वरीला सांगितलं. म्हणजे डबा समोर ठेवला.

तिने झाकण उघडलं, बंद केलं. म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. तुला वाटतं मला कळत नाही? गोळी मी खाते, आजी."

"मग बोलली का नाहीस? डॉक्टरसमोर? मी मारलं तेव्हा?"

"बोलले तर एकादशी गेली असती."

मला समजेना. मग तिने सांगितलं, वहीतलं पान वाचावं तसं. गोळी घेतली की तोंड कडू, मळमळ, शाळेत बाकावर डोकं ठेवावं लागतं, मुली म्हणतात हिला दिवस गेलेत. एकादशीला काही नाही. एकादशीला ती बाकीच्यांसारखी. "मला महिन्यात दोन दिवस सुट्टी मिळायची. तुझ्यामुळे. मी कॅलेंडरवर बघून ठेवायचे."

"आणि मरशील हे ठाऊक नव्हतं?"

"तुला होतं?"

मग ती हसायला लागली, तोंड आतून दुखत असून. "तू आदर्श आजी आणि मी चोर. भारी आहे यार!" मला हसायला आलं नाही. रडायला पण आलं नाही. दोघींनाही आपापल्या जागी ती एकादशी हवीच होती. घाणेरडं आहे हे. लिहूनसुद्धा घाणेरडं दिसतंय.

१५ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. पाच मोदक केले, दोन फुटले. ८ आणि ८.

सुमेधाबाईंना सांगायला हवं. फाइलवर छोरीच्या नावाने जे लिहिलंय ते तसंच राहिलं तर मुंबईवाले फाइल उघडतील आणि बंद करतील. मला कळतं. सगळं कळतं. पण त्या खोलीत जाऊन सांगायचं, की टाळ्या घेणारी बाई हीच? तो शिपाई ऐकेल. रुखसाना ऐकेल. सोमवारी जाते.

१७ सप्टेंबर

सोमवार. गेले नाही. पाय दुखत होते. पाय दुखत नव्हते.

२२ सप्टेंबर, शनिवार

एकादशी. मी उपास केला. तिला सकाळी पोळी-भाजी आणि गोळी. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसा सण हिसकावून घेतला मी. साडेनऊला ओकली. मी घमेलं धरून बसले. म्हणाली, "अब तो परमानेंट ड्यूटी लग गई, आजी." मी म्हटलं, "हओ. सुट्टी बंद."

डब्यात हात घातला नाही. सवयीने उठले होते मात्र. कोठीपर्यंत गेले होते.

१ ऑक्टोबर, सोमवार

गेले एकदाची. डबा पिशवीत. सुमेधाबाई एकट्याच होत्या. टेबलावर डबा उघडून ठेवला आणि सगळं सांगितलं. मूठ, गाडगं, गेटवरची नोटीस, एकादशी. कार्डावरच्या खोट्या टिकासुद्धा.

मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं होतं. त्यांचा चेहराच उतरला. नाशिकची शुद्ध भाषा कुठे गेली कुणास ठाऊक, म्हणाल्या, "अगं बाई." एवढंच. आणि फाइल काढली. मी म्हटलं, "काय लिहिलंय ते वाचा मला. मराठीत." त्यांनी वाचलं. 'मुलगी सहकार्य करत नाही. गोळ्या टाकून देत असावी. दुसऱ्या औषधासाठी योग्य वाटत नाही.'

माझ्यासमोर ते खोडलं. खाली नवीन लिहिलं. मी म्हटलं, माझं नाव घाला. 'आजी इंदिरा हिने' असं लिहा. लिहिलं.

डॉक्टरशी बोलल्या. रक्त परत तपासणार, तीन महिने एकही न चुकवता गेले की. शिपाई वाढले तर ह्याच गोळ्या चालतील. नाही वाढले तर मुंबईला फाइल पाठवू, आता पाठवता येईल. वाढतील का? "सांगता येत नाही, आजी." खोटं तरी बोलायचं बाईने! नाही बोलल्या.

मग म्हणाल्या, "हे तुम्ही मीटिंगमध्ये सांगाल?" मी म्हटलं, "डोकं फिरलंय का तुमचं? गाढवावर बसवा, गावभर फिरवा, तेवढंच राहिलंय." डबा तिथेच ठेवून आले. दारात शिपायाने फाइल दोन बोटांनी घेतली. आज मी काही बोलले नाही त्याला.

६ ऑक्टोबर, शनिवार

एकादशी. ८ आणि ८. जिभेवरचं पांढरं गेलं. शर्वरीला विचारलं, सांगू का मीटिंगमध्ये? म्हणाली, "सांग. पण रडू नको, तुझं नाक वाहतं."

१३ ऑक्टोबर, शनिवार

सांगितलं. उभी राहून, सुमेधाबाईंकडे ठेवलेला डबा हातात धरून. रडले नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी थू पण केलं नाही. नुसती शांतता. त्या सकाळी चाळीत होती तशीच.

मग सुमेधाबाईंनी हळूच विचारलं, "आणखी कुणाच्या घरी असा डबा आहे?"

पहिला हात रुखसानाचा. मग तो नाक न पुसणारा. मग एकेक करत सतरा माणसांतले अकरा हात वर. कुणी पिठात ठेवलेल्या, कुणी देवामागे, कुणी गादीत शिवलेल्या. अकरा घरं, विचारलं तर सगळी बंद मिलची.

पलीकडच्या खोलीत पोरं हसत होती. सुमेधाबाईंनी फायली काढून बघितल्या. अकराच्या अकरा फायलींवर लिहिलेलं आहे की पोर गोळ्या टाकतं.